डीओएफ कॅल्क्युलेटर म्हणतो सगळं शार्प, मग मागचा डोंगर मऊ का?

रानवाटा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज डोकं फिरलं म्हणून धागा काढतोय.

मी मुख्यतः लँडस्केप काढतो. फुल फ्रेम बॉडी, ४५ मेगापिक्सेल, २४ एमएम प्राईम लेन्स. फोनवरच्या डेप्थ ऑफ फील्ड (डीओएफ, म्हणजे किती अंतरापासून किती अंतरापर्यंत शार्प दिसेल तो पट्टा) कॅल्क्युलेटरमध्ये २४ एमएम आणि एफ/८ (लेन्सचं भोक, आकडा मोठा तर भोक लहान) घातलं की हायपरफोकल, म्हणजे अनंतापर्यंत शार्प मिळण्यासाठी फोकस करायचं सर्वात जवळचं अंतर, २.४२ मीटर येतं, म्हणजे २.४२ वर फोकस केला तर १.२१ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं शार्प असं अ‍ॅप छातीठोकपणे सांगतं. मी तसंच करतो. ट्रायपॉड, टायमर, स्टॅबिलायझेशन बंद, सगळं व्यवस्थित. समोर सव्वा मीटरवर शेवाळलेला दगड, मागे किलोमीटरभर लांब डोंगर. घरी येऊन १००% वर (फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर) बघितलं की दगड ठीकठाक, पण डोंगरावरची झाडं म्हणजे नुसता हिरवा लगदा. फांद्या नाहीत, कडा नाहीत, काही नाही.

लेन्स खराब म्हणाल तर तसंही नाही, कारण त्याच जागेवरून थेट डोंगरावर फोकस केला की झाडं कडक येतात, अर्थात मग दगड जातो.

तर प्रश्न असा की अ‍ॅप चुकतंय का? तीन वेगवेगळी अ‍ॅप्स बघितली, तिन्ही हाच आकडा देतात. एक मित्र म्हणतो फोकल लेंग्थला १.५ ने गुणून घालायची असते, ते खरं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा (रॉमध्ये टाकला तरी चालेल).

जुनी लेन्स

अ‍ॅप चुकत नाहीये. तुम्ही त्याला एक प्रश्न विचारला आणि उत्तर तपासताना दुसराच प्रश्न घेऊन बसलात.

प्रत्येक डीओएफ कॅल्क्युलेटरच्या पोटात एक आकडा दडलेला असतो, सर्कल ऑफ कन्फ्युजन, आपण सीओसी म्हणू. बिंदू फोकसच्या बाहेर गेला की सेन्सरवर त्याचा ठिपका पडतो. तो ठिपका केवढा होईपर्यंत आपण त्याला बिंदूच म्हणायचं, ती मर्यादा म्हणजे सीओसी. फुल फ्रेमला बहुतेक ठिकाणी ०.०३ एमएम धरतात. हा आकडा फिल्मच्या जमान्यातला आहे. ८ बाय १० इंचाची प्रिंट, ती साधारण २५ सेंटीमीटरवरून, म्हणजे हातात धरून बघायची, आणि तेवढ्या अंतरावर पाव एमएमपेक्षा लहान ठिपका सामान्य डोळ्याला ठिपका म्हणून कळत नाही असं गृहीत धरायचं. ३५ एमएमची फ्रेम तेवढी मोठी करायला साडेआठ पट एन्लार्ज करावी लागते. पाव भागिले साडेआठ, आले ०.०३.

म्हणजे तुमचं अ‍ॅप म्हणतंय की या फोटोची ८ बाय १० प्रिंट काढून हातात धरलीत तर १.२१ मीटरपासून अनंतापर्यंत शार्प दिसेल, आणि ते शंभर टक्के खरं आहे, काढून बघा. तुम्ही मात्र ४५ मेगापिक्सेलची फाईल १००% वर उघडताय. ती आडवी आठ हजारांवर पिक्सेल असते, साध्या मॉनिटरवर पूर्ण मावायची तर दोन मीटरहून रुंद स्क्रीन लागेल, आणि आपण बसतो त्याच्यापासून हातभर अंतरावर.

चौकट

जुनी लेन्स, जरा इस्कटून सांगा ना. म्हणजे मेगापिक्सेल वाढले की डेप्थ ऑफ फील्ड कमी होते का? हे नवीनच ऐकतोय.

जुनी लेन्स

नाही, मेगापिक्सेलने नाही, बघण्याने कमी होते. तीच ४५ मेगापिक्सेलची फाईल ८ बाय १० छापली तर डीओएफ १२ मेगापिक्सेलवाल्याएवढीच. मेगापिक्सेल फक्त तुम्हाला आणखी जवळ जाऊन नाक खुपसायची सोय करून देतात.

आकड्यांत सांगतो. ४५ मेगापिक्सेल फुल फ्रेमचा एक पिक्सेल साधारण ४.३५ मायक्रॉनचा. ०.०३ एमएम म्हणजे ३० मायक्रॉन. म्हणजे कॅल्क्युलेटर ज्याला शार्प म्हणतोय तो ठिपका तुमच्या सेन्सरवर जवळजवळ ७ पिक्सेल रुंद आहे! ७ पिक्सेलचा ब्लर १००% वर दिसणारच की.

आता अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन सीओसी ०.०१ करा. बहुतेक बऱ्या अ‍ॅपमध्ये ती सोय असते, फोटोपिल्समध्ये तर प्रिंटचा आकार आणि बघण्याचं अंतर देऊन सीओसी काढता येतो. ०.०१ केलं की त्याच २४ एमएम, एफ/८ चं हायपरफोकल २.४२ वरून ७.२२ मीटरवर जातं आणि जवळची हद्द ३.६ मीटरवर. तुमचा सव्वा मीटरवरचा दगड त्यात बसतच नाही.

फिल्टरबाज

फुजीवाल्यांना हे कॅमेऱ्यातच दिसतं. मॅन्युअल फोकसमध्ये अंतराच्या पट्टीवर डीओएफची पट्टी येते, तिला मेन्यूत दोन पर्याय आहेत, पिक्सेल बेसिस आणि फिल्म फॉरमॅट बेसिस. पिक्सेलवर ठेवलं की पट्टी एवढीशी होते, फिल्मवर ठेवलं की ऐसपैस. लेन्स तीच, फोटो तोच. मी दोन्ही आलटून पालटून बघितल्यावर मला हा सगळा प्रकार कळला, नाहीतर लेख वाचून काही डोक्यात शिरत नव्हतं.

अर्धवट

मी तर म्हणतो फेकून द्या ते कॅल्क्युलेटर. सूर्य मावळतोय, ढग पेटलेत आणि हा गडी फोनमध्ये एमएम टाइप करतोय.

सोपा उपाय सांगतो, दुप्पट अंतराचा. फ्रेममध्ये सर्वात जवळची जी वस्तू शार्प हवी ती किती लांब आहे बघा, त्याच्या दुप्पट अंतरावर फोकस करा. दगड १ मीटरवर तर फोकस २ मीटरवर, खलास. यात गंमत अशी की दगड आणि अनंत दोन्ही बरोब्बर सारखेच ब्लर होतात, फोकल लेंग्थ कुठलीही असो, सेन्सर कुठलाही असो. मग लाइव्ह व्ह्यू मोठा करून दोन्ही टोकं बघायची, चालत नसेल तर अ‍ॅपर्चर एक स्टॉप (प्रकाश निम्मा होईल एवढं) बंद करायचं. कुठला तक्ता नको की अ‍ॅप नको.

गणितवेडा

@अर्धवट, दुप्पट अंतर एकदम बरोबर, आणि अनंताऐवजी मागे ठरावीक अंतरावर काही असेल तर २ गुणिले जवळचं गुणिले लांबचं भागिले दोघांची बेरीज. १ मीटर आणि ५ मीटर असेल तर १० भागिले ६, म्हणजे १.६७ वर फोकस. पण कॅल्क्युलेटर फेकून द्या हे पटलं नाही. फोकस कुठे ते तुमची पद्धत सांगते, अ‍ॅपर्चर किती लागेल ते नाही सांगत, ते तुम्ही दर वेळी चाचपडत शोधताय.

रानवाटा, तुमच्या मित्राच्या १.५ बद्दल. गुणायचं नाही. लेन्सवर लिहिलेली खरी फोकल लेंग्थ घालायची आणि सेन्सर कुठला ते वेगळं निवडायचं. तुमचा तर फुल फ्रेम आहे, तिथे प्रश्नच येत नाही. क्रॉपवाल्यांसाठी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवाल्यांसाठी, अ‍ॅप सीओसी आपोआप लहान करतं, ०.०२ च्या आसपास, कारण लहान सेन्सरचं चित्र त्याच प्रिंटसाठी जास्त ताणावं लागतं. गुणलंत आणि सेन्सरही क्रॉप निवडलात तर तोच हिशोब दोनदा केल्यासारखं होतं.

उदाहरण घ्या. क्रॉपवर १६ एमएम, एफ/८, सीओसी ०.०२. सोळाचा वर्ग २५६, भागिले ०.१६, आले १६०० एमएम, त्यात फोकल लेंग्थचे १६ मिळवा, हायपरफोकल १.६२ मीटर. आता फुल फ्रेमवर तसाच व्ह्यू देणारी २४ एमएम घ्या, अ‍ॅपर्चरलाही १.५ ने गुणा, म्हणजे एफ/१२. ५७६ भागिले ०.३६, परत १६००. म्हणजे क्रॉपवरचा एफ/८ डीओएफच्या बाबतीत फुल फ्रेमच्या एफ/१२ सारखा वागतो. लोक फोकल लेंग्थला गुणतात आणि अ‍ॅपर्चरला विसरतात, तिथेच सगळी भांडणं सुरू होतात.

चौकट

मोबाईलचं काय मग? माझ्या फोनवर २४ एमएम, एफ/१.८ लिहिलंय.

गणितवेडा

ते २४ एमएम फुल फ्रेमच्या तुलनेतलं. खरी फोकल लेंग्थ ६-७ एमएम असते, फोटोच्या एक्झिफमध्ये (फाईलसोबत साठवलेल्या माहितीत) बहुतेक वेळा सापडते. ती घाला आणि सीओसी ०.००८ च्या आसपास ठेवा, सेन्सरचा कर्ण भागिले १५०० असा ढोबळ नियम आहे. ६.८ एमएमला हायपरफोकल ३.२ मीटर येतं, म्हणजे एफ/१.८ असूनही दीड-पावणेदोन मीटरच्या पुढे सगळं शार्प. पोर्ट्रेट मोडचा ब्लर सॉफ्टवेअर करतं, तिथे कॅल्क्युलेटरचा काही संबंध नाही.

हौशी

धाग्याचा विषय थोडा वळवते, माफ करा. मला घरगुती कार्यक्रमांत ग्रुप फोटो काढायला सांगतात. ५० एमएम, फुल फ्रेम. तीन रांगा असतात, मी पहिल्या रांगेतल्या मधल्या माणसाच्या डोळ्यावर फोकस करते, एफ/२.८ ठेवते कारण उजेड कमी असतो. तिसरी रांग नेहमी मऊ येते आणि तिसऱ्या रांगेतलीच मंडळी नेमकी फोटो झूम करून बघतात. त्यातला एक जण तर दर वेळी मला फोन करतो!

गणितवेडा

हौशीताई, वळवलात ते बरं केलंत, कॅल्क्युलेटर खरा कामाला येतो तो इथे. इथे अंतरं मोजकी असतात आणि फोटो बघितला जातो तो फोनवर किंवा छोट्या प्रिंटवर, तेव्हा ०.०३ सुद्धा चालतं.

समजा रांगा ३.४, ४ आणि ४.६ मीटरवर आहेत. पहिल्या रांगेवर म्हणजे ३.४ वर फोकस करून एफ/४ ठेवलंत तरी मागची हद्द ४.०५ मीटरलाच संपते. दुसरी रांग जेमतेम आत, तिसरी बाहेर. एफ/२.८ ला तर विचारूच नका. आता फोकस दुसऱ्या रांगेवर न्या, ४ मीटर. एफ/२.८ ला हद्द ३.५३ ते ४.६१, म्हणजे पहिलीच रांग बाहेर पडली आणि तिसरी काठावर. एफ/४ ला ३.३६ ते ४.९४, तिन्ही रांगा आत. सगळ्यांना जरा एकमेकांना चिकटून उभं करा, एफ/५.६ करा, तुमच्या एफ/२.८ च्या मानाने आयएसओ दोन स्टॉप वाढवा. नॉइज काढता येतो, गेलेला फोकस परत येत नाही.

शटरबहाद्दर

एक तृतीयांश पुढे आणि दोन तृतीयांश मागे असा नियम आहे ना? मग पहिल्या आणि दुसऱ्या रांगेच्या मध्ये फोकस करायला पाहिजे खरं तर.

गणितवेडा

तो नियम एकाच अंतरावर खरा आहे, हायपरफोकलच्या एक तृतीयांशावर. तिथे फोकस केला तर जवळची हद्द हायपरफोकलच्या पावपट येते आणि लांबची निम्मी. एक तृतीयांशातून पाव वजा केलं की एक बारांश, निम्म्यातून एक तृतीयांश वजा केलं की एक षष्ठांश. बरोबर एकास दोन. त्याच्या अलीकडे आलात की पुढे-मागे सारखं सारखं होत जातं, पलीकडे गेलात की मागची बाजू पळत सुटते आणि हायपरफोकलला अनंत होते. हौशीताईंच्या एफ/४ च्या उदाहरणात हायपरफोकल जवळपास २१ मीटर आहे, त्याचा तिसरा हिस्सा ७ मीटर, आणि माणसं उभी आहेत ४ वर. तिथे पुढे ६४ सेंटीमीटर, मागे ९४. एकास दीड म्हणा.

शटरबहाद्दर

बरं. पण टेली लेन्सने (लांब फोकल लेंग्थवाल्या) डीओएफ कमी होते हे तरी खरं ना? का तेही खोटं? 😀

गणितवेडा

एकाच जागी उभं राहून लेन्स बदललीत तर खरं. माणूस फ्रेममध्ये तेवढाच ठेवून मागे सरकलात तर नाही. ५० एमएम, एफ/४, २ मीटर: एकूण ३७.८ सेंटीमीटर. १०० एमएम, एफ/४, ४ मीटर: ३७.५ सेंटीमीटर. घ्या. पण १०० एमएमवाल्या फोटोत लांबची पार्श्वभूमी दुप्पट ब्लर असते, म्हणून डोळ्याला वाटतं की डीओएफ कमी झाली. पार्श्वभूमी किती विरघळेल हे साधा डीओएफ कॅल्क्युलेटर सांगतच नाही आणि पोर्ट्रेटवाल्यांना खरं तर तेच हवं असतं. ८५ एमएम, एफ/१.८, २ मीटर घालून बघा, पावणेसहा सेंटीमीटर दाखवेल. एक डोळा शार्प, लांबचा डोळा चेहरा किती वळलाय त्यावर. एवढं कळलं की पोर्ट्रेटपुरतं अ‍ॅपचं काम झालं.

किडामुंगी

मॅक्रोवाल्यांनी कॅल्क्युलेटरमध्ये अंतर घालायच्या भानगडीत पडूच नये. १:१ ला (वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढीच पडते तेव्हा) अंतर सेन्सरपासून मोजायचं की लेन्सपासून यावर उत्तर बदलतं, आणि आतल्या आत फोकस होणाऱ्या लेन्सची फोकल लेंग्थ जवळ येता येता कमी होते, १०० लिहिलेली १०० राहत नाही. तिथे मॅग्निफिकेशनवरून काढायचं. १:१, एफ/८, सीओसी ०.०३ ला एकूण डीओएफ येते साधारण १ एमएम. एक एमएम! मुंगीचा डोळा शार्प आला तर मिशा गेल्या. आणि १००% वर बघायचं म्हणून सीओसी ०.०१ घेतला तर त्याचाही तिसरा भाग.

अ‍ॅपर्चर बंद करून फार काही हाती लागत नाही कारण १:१ ला एफ/८ चा परिणामी एफ/१६ झालेला असतो, डिफ्रॅक्शन (लहान भोकातून जाताना प्रकाश पसरून येणारा मऊपणा) आधीच दारात उभं असतं. त्यामुळे आम्ही सरळ स्टॅकिंग करतो, म्हणजे वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम काढून जोडतो. आकडा एवढ्यासाठीच लागतो की दोन फ्रेममध्ये फोकस किती सरकवायचा, तो डीओएफपेक्षा थोडा कमीच ठेवायचा, नाहीतर मध्ये धूसर पट्टे येतात. कवचावर असे पट्टे आले की अख्खा स्टॅक फुकट.

निशाचर

ताऱ्यांसाठी हायपरफोकल अजिबात वापरू नका. २० एमएम, एफ/१.८ ला ७.४ मीटर येतं. तिथे फोकस केलात तर प्रत्येक तारा ०.०३ एमएमची टिकली होणार, कारण अनंत ही त्या हिशोबातली शेवटची सोसण्याची पायरी आहे, उत्तम फोकस नव्हे. लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करून एका ठळक ताऱ्यावर हाताने फोकस करा आणि रिंगवर टेप मारा.

फोकसपुलर

व्हिडिओवाल्यांकडून दोन पैसे. आम्ही अंतर टेपने मोजतो, बॉडीवर गोलातून आडवी रेघ गेलेली खूण असते तिथपासून, सेन्सर तिथे असतो. लेन्सच्या काचेपासून नाही. आणि सिने लेन्सवर टी स्टॉप लिहिलेला असतो तो प्रकाशाचा हिशोब, डीओएफसाठी एफ नंबरच घालायचा. बाकी सेटवर कॅल्क्युलेटरने हद्द सांगितली तरी नट हद्दीच्या आत थांबेल याची खात्री कोण देणार.

रानवाटा

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. वाचून सीओसी ०.०१ केला, तर आता अ‍ॅप म्हणतं सव्वा मीटरवरचा दगड धरायचा असेल तर एफ/२२ च्या पलीकडे जा. मग एफ/२२ वर काढायचं का?

शिवाय अजून एक. २.४२ मीटर लेन्सवर लावायचं कसं? माझ्या लेन्सवर अंतराची पट्टीच नाही. अंदाजाने २ मीटरवर लावलं तर चालतं का? अ‍ॅप म्हणतं लांबची हद्द एकदम ११.३ मीटरवर येते! चाळीस सेंटीमीटर चुकलं तर अनंताचे अकरा मीटर?

जुनी लेन्स

आधी दुसरं. ११.३ बघून घाबरू नका. २ मीटरवर फोकस केलात तर डोंगराचा ठिपका ०.०३ चा ०.०३६ होतो, बस. डीओएफची हद्द म्हणजे भिंत नाही, तिथे काही तुटत नाही, ब्लर हळूहळू वाढत असतो आणि आपण मध्येच कुठेतरी रेघ मारलेली असते. ०.०३ ला पास आणि ०.०३१ ला नापास एवढंच अ‍ॅपला कळतं. पण चुकायचंच असेल तर लांबच्या बाजूला चुका, कारण खाली सांगतो.

आता एफ/२२. डिफ्रॅक्शनचा ठिपका काढायचा ढोबळ हिशोब, हिरव्या प्रकाशाला एफ नंबर गुणिले १.३४ मायक्रॉन. एफ/८ ला ११ मायक्रॉन, एफ/११ ला १५, एफ/१६ ला साडेएकवीस, एफ/२२ ला ३०. म्हणजे एफ/२२ वर दगड वाचवायच्या नादात अख्ख्या फोटोला, अगदी जिथे फोकस केलाय तिथेही, त्याच ३० मायक्रॉनच्या घरातला मऊपणा. (दोन्ही ठिपके दिसायला तंतोतंत सारखे नसतात, डिफ्रॅक्शनच्या ठिपक्याचा मध्य जास्त उजळ असतो आणि शार्पनिंगने तो थोडा सावरतो, पण तरी.) ४५ मेगापिक्सेलवर मी एफ/११ च्या पुढे फारसा जात नाही.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. फोकसवर पुस्तक लिहिणाऱ्या कॅनडाच्या हॅरल्ड मर्कलिंगर यांनी हा प्रश्न उलटा धरला होता. सेन्सरवर ठिपका केवढा पडतो ते सोडा, समोरच्या खऱ्या वस्तूवर केवढा तपशील हरवतो ते बघा. लेन्सचं भोक किती एमएमचं? फोकल लेंग्थ भागिले एफ नंबर, २४ भागिले ८, ३ एमएम. फोकस अनंतावर ठेवलात तर कुठल्याही अंतरावर, दगडावरही आणि झाडावरही, फोकसमुळे हरवणारा तपशील जेमतेम या ३ एमएमएवढा.

आता तुमचा फोटो घ्या. फोकस २.४२ वर: दगडावर दीड एमएमचा ठिपका, आणि किलोमीटरभर लांबच्या झाडावर १.२ मीटरचा. फांद्या कुठून दिसणार? फोकस ७.२२ वर: दगडावर अडीच एमएम, झाडावर ४१ सेंटीमीटर. म्हणजे दगडाचा एक एमएम दिलात आणि डोंगराचे ऐंशी सेंटीमीटर मिळवलेत. अनंतावर नेलंत तर दगडावर ३ एमएम, आणि डोंगरावर तुमच्या पिक्सेलचीच मर्यादा लागते, त्या अंतरावर एक पिक्सेल साधारण १८ सेंटीमीटर झाकतो, लेन्सचे आणि डिफ्रॅक्शनचे दोष वेगळे.

म्हणून लँडस्केपला हायपरफोकलच्या तिपटीच्या आसपास फोकस करा, दगड अगदी नाकाजवळ नसेल तर. जुन्या मॅन्युअल लेन्सवर डीओएफच्या रेघा असायच्या तेव्हाही आम्ही एफ/११ ला लावून रेघ मात्र एफ/५.६ ची वाचायचो, त्यामागे हाच हिशोब होता.

अर्धवट

मर्कलिंगरवाली गोष्ट जबरी आहे, ही माहीत नव्हती. माझी दुप्पट अंतराची पद्धत दगड आणि डोंगर दोघांना सारखा न्याय देते, पण १.२ मीटरचा ठिपका म्हणजे डोंगरावर अन्यायच झाला की. तरीपण दगडावरचं शेवाळ हा फोटोचा जीव असेल तर मी दुप्पटच धरेन.

रानवाटा

काल परत त्याच जागी जाऊन आलो. एफ/८ ठेवून २.४, ७ आणि अनंत असे फोकस करून काढले, २.४ मोजून तिथल्या एका खुंटावर आणि ७ एका झुडपावर. १००% वर शेजारी शेजारी लावून बघितलं.

२.४ वाल्यात दगडावर शेवाळाचे तंतू अर्धवट कळतात आणि डोंगर नेहमीसारखा लगदा. ७ वाल्यात शेवाळाचे तंतू गेले, नुसता मखमली हिरवा थर, पण दगडाच्या भेगा, कडा, पाण्याची ओल सगळं जागेवर, आणि डोंगरावर झाडं एकेक सुटी दिसायला लागली. अनंतवाल्यात डोंगर अजून कडक, पण ७ आणि अनंत यांतला फरक मला मुद्दाम शोधावा लागला. दगड मात्र अनंतवाल्यात स्पष्टच मऊ. ७ चा फोटो स्क्रीनभर करून घरच्यांना दाखवला, कोणालाही दगड मऊ वाटला नाही.

तरी मन भरत नाही हो. शेवाळही हवंय आणि झाडंही. दोन फ्रेम काढून जोडायच्या म्हटलं तर मध्ये गवत आहे आणि वारा थांबत नाही.

किडामुंगी

रानवाटा, आमच्या पंथात स्वागत. दोन फ्रेम पुरतात. एक दगडावर फोकस करून, एक ७ मीटरवर, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्हीत लॉक. सॉफ्टवेअरला आपोआप जोडू देऊ नका, हलणाऱ्या गवतात ते वेड्यासारखी दुहेरी पाती काढतं. हाताने मास्क करा आणि जोड दगडाच्या कडेवर ठेवा, गवत पूर्ण एकाच फ्रेममधलं घ्या, ७ वालीतलं. फोकस बदलला की व्ह्यू किंचित आत-बाहेर होतो, त्यामुळे आधी अलाइन करायचं आणि काढतानाच कडेला थोडी जागा जास्त सोडायची.

हौशी

दुसऱ्या रांगेवर फोकस, एफ/५.६. परवाच्या फोटोंना तिसऱ्या रांगेतून अजून एकही फोन आलेला नाही. 🙏